जुना अमेरिकन चाकू कसा वाचायचा

जुना अमेरिकन घडीचा चाकू समोर आला की जाणकार माणूस मुठीच्या रंगाकडे नंतर बघतो. आधी तो सगळ्यात मोठं पातं उघडतो, चाकू उजेडाकडे तिरका धरतो आणि भिंग लावतो. पातं मुठीत शिरतं तिथे धार नसलेला एक सपाट भाग असतो, त्याला टँग म्हणतात. कारखान्याचं नाव, गावाचं नाव, कधीकधी नमुन्याचा क्रमांक हे सगळं तिथे ठशाने उठवलेलं असतं. जागा नखाएवढी, पण चाकूचं वय बहुतेक वेळा तिथेच कळतं आणि किमतीचा मोठा भागही तिथेच ठरतो.

हा छंद बाहेरून अवघड वाटतो, कारण नावं शेकडो आहेत आणि आकार त्याहून जास्त. पण चाकू कसा बनतो आणि कोणत्या काळात काय बदललं, एवढं समजलं की बरंचसं कोडं सुटतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते ज्यांनी मन लावून पाहिले आहेत, त्यांना यातली गोडी वेगळी सांगायला नको. रोज हाताळायची वस्तू, छोटीशी, आणि तिच्यावर कारागिराने घेतलेली मेहनत.

आधी चाकूची रचना. या चाकूंपैकी बहुतेकांना खटका किंवा कुलूप नसतं. मुठीच्या पाठीत पोलादाची एक ताठ पट्टी बसवलेली असते, ती स्प्रिंगचं काम करते. तिचा दाब टँगवर पडतो आणि त्या दाबानेच पातं उघडं किंवा मिटलेलं राहतं. दोन्ही बाजूंना पितळेचे किंवा लोखंडाचे पातळ पत्रे, त्यावर हाडाच्या, शिंगाच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या, टोकांना धातूच्या टोप्या आणि सगळं एकत्र धरणाऱ्या पिना. टोप्यांना बोल्स्टर म्हणतात. चांगल्या चाकूचं पातं नखाने ओढलं की सुरुवातीला जोर लागतो, मग ते स्वतःहून खेचल्यासारखं जातं आणि शेवटी 'टक्' असा स्वच्छ आवाज येतो. संग्राहक याला 'वॉक अँड टॉक' म्हणतात. शंभर वर्षांनंतरही हा आवाज कायम असेल तर समजावं की स्प्रिंग थकलेली नाही आणि पिना सैल झालेल्या नाहीत.

पात्यांचे आकार कामावरून ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेत खिशातला चाकू ही घड्याळासारखी नेहमीची वस्तू होती. गुरं राखणाऱ्यांसाठी 'स्टॉकमन' नावाचा तीन पात्यांचा नमुना निघाला, तो हातात घेऊन बघण्यासारखा आहे. एक पातं टोकदार, रोजच्या कामाचं. दुसऱ्याची धार सरळ रेघेत आणि टोक खाली वळवलेलं, त्याने चामडं किंवा दोर दाबून कापता येतो. तिसरं पातं नर वासरांच्या खच्चीकरणासाठी, त्याला 'स्पे' म्हणतात. त्याचं टोक मुद्दाम बोथट ठेवलेलं असतं, कारण जनावराने अचानक अंग झाडलं तर टोक भलतीकडे रुतू नये. तीन पात्यांत गोठ्यातलं बहुतेक काम आटोपतं. 'ट्रॅपर' सापळे लावून शिकार करणाऱ्यांच्या सोयीचा, 'बार्लो' लांब बोल्स्टरचा आणि स्वस्त, म्हणून शाळकरी मुलांच्या खिशातला. बाकी नमुने चाकू हाताळता हाताळता ओळखू येतात, ते आधीच पाठ करण्यात अर्थ नाही.

आता हे चाकू अमेरिकेत बनायला कधी लागले? बराच काळ अमेरिकन माणसाच्या खिशात इंग्लंडच्या शेफील्ड शहरातलं पोलाद असायचं. जोसेफ रॉजर्स आणि जॉर्ज वॉस्टनहोम ही तिथली मोठी नावं. वॉस्टनहोमचा 'आय एक्स एल' हा ठसा अमेरिकेत गावोगाव माहीत होता. मग कनेक्टिकट राज्यात कारखाने सुरू झाले. लेकव्हिल गावची हॉली मॅन्युफॅक्चरिंग 1844 मध्ये निघाली. 1852 मध्ये शेफील्डहून आलेल्या कारागिरांनी न्यूयॉर्क नाइफ कंपनी काढली आणि चार वर्षांनी ती न्यूयॉर्क राज्यात, हडसन खोऱ्यातल्या वॉल्डन गावी हलवली. तिचा हातोड्याचा ठसा आजही संग्राहकांच्या आवडीचा आहे. पुढे त्याच गावात वॉल्डन नाइफ आणि 1904 मध्ये श्रेड कटलरी उभी राहिली. लहानसं गाव आणि चाकूंचे तीन मोठे कारखाने.

तरीही परदेशी माल स्वस्त पडत होता. हे चित्र आयातकराने बदललं. 1890 च्या मॅकिन्ले कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर जबर कर बसला, त्यात चाकूही आले. याच कायद्यात आणखी एक अट होती, जी संग्राहकांना आजही उपयोगी पडते. 1891 पासून आयात मालावर ज्या देशात तो बनला त्याचं नाव असणं बंधनकारक झालं. त्यामुळे टँगवर 'जर्मनी' किंवा 'इंग्लंड' दिसलं तर चाकू बहुधा 1891 नंतरचा. शेफील्डच्या एखाद्या कारखान्याचं नाव आहे पण देशाचं नाव नाही, असा अमेरिकेत विकलेला चाकू त्याआधीचा असण्याची शक्यता बरीच. एकट्या या खुणेवर निकाल देऊ नये, पण सुरुवात इथून करावी.

करामुळे अमेरिकन कारखानदारांना श्वास घ्यायला जागा मिळाली. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया राज्यांच्या सीमेलगत छोट्या गावांत चाकूचे कारखाने पसरले. लिटल व्हॅलीत 1886 मध्ये कॅटरॉगस कटलरी सुरू झाली. तिचा मालक चॅम्प्लिन याचे मेहुणे म्हणजे केस बंधू. त्यांनी स्वतःचा धंदा काढला आणि पुढच्या पिढीने डब्ल्यू. आर. केस अँड सन्स हे नाव 1905 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डला नेलं. ती कंपनी आजही तिथेच चाकू बनवते. 1993 पासून ती झिपो लायटरवाल्यांच्या मालकीची आहे आणि झिपोही ब्रॅडफर्डचीच. टायटसव्हिल गावात शाट अँड मॉर्गनचा कारखाना होता. तिथल्या काही मुकादमांनी 1922 मध्ये क्वीन सिटी कटलरी काढली. क्वीन 2018 मध्ये बंद पडली. वॉल्डनच्या श्रेडचं नाव चालवणारा कारखाना त्याआधीच, 2004 मध्ये बंद झाला होता. एवढी मोठी परंपरा एकेका कुलपामागे गेली याचं वाईट वाटतं. पण टायटसव्हिलमध्येच 2006 मध्ये ग्रेट ईस्टर्न कटलरी सुरू झाली आणि ती जुन्या पद्धतीने कार्बन पोलादाचे चाकू बनवते.

नवशिक्यांची गल्लत होते ती ठशावरच्या नावापाशी. टँगवर ज्याचं नाव, त्यानेच चाकू बनवला असेल असं नाही. हार्डवेअरचे मोठे घाऊक व्यापारी कारखान्यांकडून माल बनवून घ्यायचे आणि आपलं नाव उठवायचे. सेंट लुईसच्या सिमन्स हार्डवेअरचं 'कीन कटर', तिथल्याच शॅपलीचं 'डायमंड एज', शिकागोच्या हिबर्ड स्पेन्सर बार्टलेटचं 'ओ व्ही बी' ही अशी व्यापारी नावं. कीन कटरचे बरेच चाकू वॉल्डन नाइफच्या कारखान्यातून आले. असा चाकू दुय्यम समजायचं कारण नाही. उलट कमी पैशांत नामांकित कारखान्याचं काम हाती येतं, म्हणून सुरुवात करणाऱ्याने या नावांकडे लक्ष ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

ठसा वाचायचा म्हणजे नेमकं काय, ते केसच्या चाकूवर छान समजतं. 1920 ते 1940 च्या सुमारास त्यांच्या टँगवर 'केस टेस्टेड एक्स एक्स' असं असायचं. 1940 नंतर 'टेस्टेड' गेलं आणि 'केस एक्स एक्स' राहिलं. 1965 मध्ये त्याखाली 'यू एस ए' आलं. 1970 मध्ये कंपनीने ठशाखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एक ठिपका कमी करत नेला. म्हणजे सात ठिपके असतील तर चाकू 1973 चा, एकच असेल तर 1979 चा. 1980 पासून पुन्हा दहा ठिपके सुरू झाले, पण या वेळी 'केस' शब्दातलं एस हे अक्षर विजेच्या रेघेसारखं काढलं, त्यामुळे दोन दशकांची सरमिसळ होत नाही. ठिपके मोजून वर्ष सांगता येतं हे समजल्यावर कित्येक लोकांनी दरवर्षीचा एकेक चाकू जमवायला घेतला.

दुसऱ्या बाजूला असतो नमुन्याचा क्रमांक. समजा तो 6254 आहे. पहिला आकडा मुठीचा. 6 म्हणजे हाड, 5 म्हणजे खरं शिंग, 3 म्हणजे पिवळं कृत्रिम साहित्य. दुसरा आकडा पात्यांचा, इथे दोन. उरलेले 54 म्हणजे ट्रॅपरचा साचा. त्यामुळे 5254 म्हणजे तोच चाकू, शिंगाच्या मुठीचा. आता गंमत अशी की क्रमांक 6254 आणि मूठ मात्र शिंगाची दिसली, तर कुणीतरी मूठ बदलली असा संशय घ्यायला हरकत नाही. चार आकडे वाचून खोटेपणा पकडता येतो. रेमिंग्टनच्या क्रमांकात हीच माहिती शेवटच्या आकड्यात असते. तिथे 3 म्हणजे हाड, 6 म्हणजे शिंग, 8 म्हणजे कोकोबोलो लाकूड.

रेमिंग्टन आणि विंचेस्टर या मूळच्या बंदुका बनवणाऱ्या कंपन्या. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्यांच्याकडे मोठे कारखाने होते आणि काम कमी. विंचेस्टरने 1919 मध्ये नॅपॅनॉक आणि ईगल या दोन चाकू कंपन्या विकत घेतल्या. रेमिंग्टनने 1920 मध्ये कनेक्टिकटच्या ब्रिजपोर्टमध्ये चाकू सुरू केले आणि 1940 पर्यंत बनवले. 1922 मध्ये त्यांनी आर 1123 हा मोठा ट्रॅपर काढला. त्याच्या मुठीच्या मधोमध जर्मन सिल्व्हरची काडतुसाच्या आकाराची तबकडी जडवलेली आहे. यालाच पुढे 'बुलेट' चाकू म्हणू लागले आणि आज रेमिंग्टन संग्राहकांत या चाकूंना सगळ्यात जास्त मान आहे. 1982 पासून त्यांच्या नव्या आवृत्त्या निघू लागल्या. त्या चांगल्या बनावटीच्या आहेत, पण जुन्याच्या भावात कुणी देऊ केल्या तर हात आखडता घ्यावा.

मुठीच्या साहित्यात आपल्याकडचा एक धागा आहे. अमेरिकन आणि शेफील्डच्या चाकूंवर जे खडबडीत, तपकिरी, कडांना पांढरट होत गेलेलं शिंग दिसतं, ते बहुतेक भारतातल्या सांबराचं. आपल्या घरांत दुखऱ्या सांध्यावर उगाळून लावलं जायचं तेच सांबरशिंग. ते गाभ्यापर्यंत घट्ट असतं, पोकळ किंवा फार सच्छिद्र नसतं, म्हणून पट्ट्या कापल्या तरी ठिसूळ होत नाहीत. भारताने शिंगांची निर्यात बंद केल्यावर हे साहित्य दुर्मीळ झालं आणि जुन्या शिंगी चाकूंचा भाव चढला. ही बंदी योग्यच आहे. पण शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या चाकूवर आपल्याकडच्या रानातल्या सांबराचं शिंग हाताला लागतं तेव्हा त्या वस्तूबद्दल वेगळी आपुलकी वाटते.

शिंग महाग, म्हणून हाडाचा पर्याय आला. गुरांच्या नडगीचं हाड कापून, यंत्राने त्यावर खाचा पाडून, हिरवट, तांबूस किंवा तपकिरी रंग देत. हेतू शिंगासारखं दिसावं असा होता, पण खाचांचं हाड पुढे स्वतःच्याच देखणेपणामुळे आवडू लागलं. वापरून गुळगुळीत झालेलं हिरवं हाड बघितलं की हे का, ते कळतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साहित्याची चणचण झाली आणि काळ्या कृत्रिम मुठी वाढल्या. 1960 च्या दशकात डेलरिन हे प्लास्टिक आलं. हाड आणि डेलरिन ओळखायची साधी खूण आहे. भिंगातून कडेला बघितलं तर हाडात बारीक रंध्रांचे गडद ठिपके दिसतात, प्लास्टिकमध्ये ते नसतात. हाताला हाड जरा गारही लागतं.

सेल्युलॉइडबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण इथे अज्ञानाने अख्खा संग्रह खराब होऊ शकतो. हे प्लास्टिक नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनतं. मोत्यासारख्या लखलखीत, रंगीबेरंगी, कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या कितीतरी जुन्या मुठी याच्या आहेत. अंगठ्याने जोरात घासून गरम केली की मुठीला कापराचा वास येतो, म्हणून आपल्या माणसाला हे चटकन ओळखता येईल. काळाच्या ओघात सेल्युलॉइड कुजतं आणि आम्लाची वाफ सोडतं. त्या वाफेने पितळेवर हिरवं किटण चढतं, पात्यावर मुठीच्या बाजूने गंज धरतो, आणि त्याच बंद डब्यात ठेवलेले शेजारचे चाकूही गंजतात. म्हणून सेल्युलॉइडचे चाकू नेहमी वेगळे, हवा खेळती राहील असे ठेवावेत. मूठ भेगाळलेली किंवा कडांना विरघळल्यासारखी दिसली तर तो चाकू घेऊच नये, कितीही स्वस्त असला तरी. गरम सुई टोचून परीक्षा करायचा सल्ला कुणी दिला तर तोही मानू नये. सेल्युलॉइड भुरकन पेट घेतं.

किंमत ठरवताना सगळ्यात आधी बघतात ते पात्यात पोलाद किती उरलंय. वर्षानुवर्षं दगडावर घासून पातं झिजतं. अमेरिकेत 1972 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चाकू संग्राहक संघटनेने दर्जाच्या पायऱ्या ठरवल्या, त्या आजही वापरात आहेत. कारखान्यातून निघाला तसा तो 'मिंट'. दहा टक्क्यांपर्यंत झीज असेल तर 'एक्सलंट', पंचवीसपर्यंत 'व्हेरी गुड', निम्मं पातं गेलं असेल तर 'फेअर'. झीज ओळखायला पातं मिटून बघावं. मूळ पात्याचं टोक मुठीत नेमकं कुठे बसतं हे जुन्या कॅटलॉगमधल्या चित्रांवरून समजतं. टोक आखूड पडत असेल, किंवा पातं उघडायला नख अडकवायची खाच धारेच्या फार जवळ आलेली दिसली, तर बरंच पोलाद गेलेलं आहे.

1960 आणि 70 च्या दशकांत हा छंद जोरात वाढला. 1968 च्या बंदूक नियंत्रण कायद्यानंतर बंदुकांच्या प्रदर्शनांत फिरणारे बरेच व्यापारी चाकूंकडे वळले. पैसा आला तसे बनावट चाकूही आले. बनवाबनवीचे प्रकार ठरलेले आहेत. स्वस्त चाकूचा ठसा घासून काढून त्यावर नामांकित ठसा मारणे हा एक. असं केल्यावर टँग पातळ होते, म्हणून एकाच चाकूच्या दोन पात्यांच्या टँगची जाडी ताडून बघावी. ठशाच्या अक्षरांच्या कडा ताज्या आणि तीक्ष्ण असतील आणि आजूबाजूचं पोलाद काळवंडलेलं असेल, तर काहीतरी गडबड आहे. दुसरा प्रकार म्हणजे दोन-तीन मोडक्या चाकूंचे भाग जोडून एक उभा करणे. यात बोल्स्टरमधली पिन उघडावी लागते आणि तिचा गोल डाग पृष्ठभागावर उठून दिसतो. मूठ आणि बोल्स्टर यांच्यामध्ये फट, दोन बाजूंच्या हाडाच्या खाचा वेगवेगळ्या, एक पातं चकचकीत आणि दुसरं काळं, मध्येच चमकणारी पिन, ही सगळी तपासायची ठिकाणं. अतिनील प्रकाशाच्या छोट्या दिव्याखाली नंतर भरलेला गोंद बऱ्याचदा वेगळा उजळतो.

चाकू घरी आला की पहिला मोह होतो तो घासून लखलखीत करायचा. कृपा करून तसं करू नका. जुन्या कार्बन पोलादावर निळसर-राखाडी थर चढलेला असतो, तो पोलादाचं रक्षणही करतो आणि वयाची साक्षही देतो. पितांबरी, ब्रासो, पॉलिश कागद, फिरतं चाक यांतलं काहीही लावलं की मूळ कारखान्याची झिलई कायमची जाते. तिच्यासोबत किमतीतला मोठा हिस्साही जातो. धारही लावू नका. तांबडा, सक्रिय गंज मात्र थांबवायला हवा. त्यावर खनिज तेल लावून रात्रभर ठेवावं आणि तांब्याच्या नाण्याच्या कडेने हलकेच खरवडावं. तांबं पोलादाहून मऊ असल्याने ओरखडे उठत नाहीत. स्प्रिंगच्या सांध्यात तेलाचा एक थेंब, पात्यावर पातळ मेणाचा हात, एवढी निगा पुरते. कातडी म्यानात किंवा कातडी गुंडाळीत चाकू कायमचा ठेवू नये. कातडं कमावताना वापरलेली रसायनं आणि कातड्यातला ओलावा पितळेला हिरवं करतात. आपल्या पावसाळ्यात तर हे फार लवकर घडतं. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा चाकू उघडून बघावेत.

सुरुवात कुठून करावी? सगळं थोडं थोडं जमवण्यापेक्षा एक धागा निवडणं बरं. एकाच कारखान्याचे चाकू, किंवा एकच नमुना वेगवेगळ्या कारखान्यांचा, किंवा एका गावाचे. वॉल्डन हे एक गाव घेतलं तरी आयुष्य पुरेल. 1970 च्या दशकातले केसचे ठिपक्यांचे चाकू शिकायला उत्तम, कारण त्यांचं वर्ष स्वतःच पडताळता येतं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना जुन्या घरातल्या सामानाच्या विक्रीत, म्हणजे इस्टेट सेलमध्ये, आणि फ्ली मार्केटमध्ये हे चाकू सहज दिसतात. तिथे विकणाऱ्याला विचारून पातं उघडून बघावं, कुणी नाही म्हणत नाही.

कायद्याचं भान ठेवावं. बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर अमेरिकेत 1958 पासून बंदी आहे, आणि श्रेडचे जुने बटणाचे चाकू त्यात येतात. हस्तिदंती मुठींच्या व्यापारावर 2016 पासून कडक निर्बंध आहेत. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना त्यात सूट मिळू शकते, पण वय कागदपत्रांनी सिद्ध करावं लागतं. भारतात हस्तिदंत आणि सांबरशिंग दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे अशा मुठीचा चाकू भेट म्हणून आणायच्या आधी चौकशी करावी. हाडाच्या किंवा लाकडाच्या मुठीचा चाकू निवडला तर ही अडचण येत नाही. फक्त विमानात तो हातातल्या पिशवीत ठेवू नका, चेक-इनच्या बॅगेत टाका.